कानामागचे श्रवणयंत्र: रोजचा वापर, सफाई आणि बिघाड शोधण्याची रीत

ड्रॉवरमध्ये पडून राहिलेली श्रवणयंत्रे बाहेर काढून पाहिली, तर त्यांतली बरीचशी बिघडलेली नसतात. कुठे मोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या तुकड्याच्या, भोकात मळ अडकलेला असतो, कुठे नळी पिवळी पडून कडक झालेली असते, तर कुठे सेलच्या कप्प्यात घामाचा पांढरट थर साचलेला असतो. ‘मशीन लावूनही ऐकू येत नाही’ असे म्हणून ते एकदा काढून ठेवले जाते, आणि मग ते वापरणारा माणूस हळूहळू घरातल्या गप्पांतूनच बाजूला पडतो. हे सहज टाळता येते. रोजची पाच मिनिटे आणि यंत्र कसे चालते याची थोडी जाण, एवढ्यावर निभावते.

हा लेख कानामागे बसणाऱ्या, म्हणजे बीटीई प्रकारच्या यंत्राबद्दल आहे. वापरणाऱ्याने स्वतः वाचावा आणि घरातल्या आणखी एकाने तरी वाचावा. बोटे थरथरत असतील किंवा नजर कमी झाली असेल, तर यातली निम्मी कामे त्या दुसऱ्या माणसालाच करावी लागतात.

आवाज कुठून कुठे जातो

कानामागच्या वक्राकार डबीत मायक्रोफोन (आताच्या बहुतेक यंत्रांत दोन), आवाजावर प्रक्रिया करणारी चिप, एक इवलासा स्पीकर आणि सेल असतो. या स्पीकरला तंत्रज्ञ ‘रिसीव्हर’ म्हणतात. डबीच्या वरच्या टोकाला कानावर अडकणारा हूक असतो. हूकला मऊ पारदर्शक नळी जोडलेली असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला कानाच्या मापाने बनवलेला मोल्ड.

हूकपर्यंतचे सगळे काम विजेवर चालते. हूकपासून पुढे वीज नाही, तारा नाहीत. आवाज नुसत्या हवेतून नळीत, मोल्डमध्ये आणि तिथून कानाच्या पडद्याकडे जातो. देखभालीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. डबी कोरडी राहिली पाहिजे आणि हवेची वाट मोकळी राहिली पाहिजे. मोल्ड पाण्याने धुता येतो, डबीला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. महागडी चिप डबीत असली, तरी रोजच्या तक्रारी बहुतेक वेळा स्वस्तातल्या नळीच्या आणि मोल्डच्याच निघतात.

काही यंत्रांना जाड नळी आणि मोल्डऐवजी केसासारखी बारीक नळी आणि टोकाला सिलिकॉनची मऊ टोपी, म्हणजे डोम असतो. आणखी एका प्रकारात स्पीकरच कानाच्या आत बसतो आणि डबीपासून तिथपर्यंत बारीक तार जाते. त्याला आरआयसी म्हणतात. तुमच्याकडे यांतले कोणते आहे ते आधी पाहून घ्या. तारेचे असेल, तर कानात जाणारा कोणताही भाग पाण्याने धुवायचा नाही.

उजव्या-डाव्याची खूणही पाहून ठेवा. लाल ठिपका उजव्या कानाचा, निळा डाव्या कानाचा. दोन्ही कानांची यंत्रे त्या त्या कानाच्या श्रवणदोषाप्रमाणे वेगवेगळी जुळवलेली असतात, त्यामुळे अदलाबदल झाली तर मोल्ड बसणार नाही आणि डोम असेल तर बसेल, पण आवाज चुकीचा येईल.

सकाळी लावण्याआधी

यंत्र हातात घ्या आणि उजेडात पाहा. मोल्डच्या टोकाच्या भोकात मळ आहे का? नळीत पाण्याचे थेंब दिसतात का? नळीला चीर गेली आहे का, ती मोल्डमध्ये सैल झाली आहे का? मायक्रोफोनची बारीक छिद्रे डबीच्या वरच्या बाजूला असतात, त्यांवर धूळ किंवा केसांचे तेल बसले आहे का?

मग सेलचा कप्पा बंद करून यंत्र चालू करा आणि मुठीत धरा. शिटी वाजली तर यंत्रात जीव आहे आणि आवाज बाहेर पडतो आहे, एवढे कळते. मात्र नव्या डिजिटल यंत्रांत शिटी दाबणारी यंत्रणा असते, त्यामुळे काही यंत्रे मुठीतही गप्प राहतात. घरातल्या चांगले ऐकू येणाऱ्या माणसाने स्टेथोसेटने ऐकणे हा जास्त भरवशाचा मार्ग. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखेच ते साधन असते, फक्त त्याच्या टोकाला मोल्ड लावायची सोय असते. आवाज कमी ठेवून ‘एक, दोन, तीन’ बोला आणि खरखर येते का, मध्येच तुटतो का ते ऐका. रोज ऐकण्याची सवय झाली की बदल चटकन लक्षात येतो. लहान मुलाचे किंवा स्वतः तक्रार सांगू न शकणाऱ्या वृद्धाचे यंत्र असेल, तर हे साधन घरात हवेच.

यंत्र लावल्यावर आणखी एक छोटी चाचणी करता येते. डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत सहा आवाज काढतात: ओठ मिटून ‘म्म्म’, मग ‘ऊ’, ‘आ’, ‘ई’, ‘श्श’ आणि ‘स्स’. बोलणाऱ्याने मागे उभे राहावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. आवाज नेहमीच्या बोलण्याएवढाच ठेवावा, क्रम रोज बदलावा आणि ऐकणाऱ्याने तो आवाज तसाच काढून दाखवावा. ‘म’ खालच्या पट्टीचा, ‘स’ सर्वांत वरच्या पट्टीचा. मधले चार आवाज बोलण्याची उरलेली पट्टी व्यापतात. काल ‘स’ ओळखता येत होता आणि आज येत नसेल, तर सेल, नळी किंवा कानातला मळ यांपैकी काहीतरी बदलले आहे.

लावणे आणि काढणे

नव्याने लावणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण इथेच असते. पहिले काही दिवस आरशासमोर, बसून आणि खाली पलंग किंवा घडी केलेले कापड असेल अशा जागी सराव करा, म्हणजे हातातून सुटले तरी फरशीवर आपटणार नाही.

१. यंत्र बंद ठेवा किंवा आवाज अगदी कमी करा, नाहीतर बसवताना शिटी वाजेल.

२. मोल्ड अंगठा आणि पहिले बोट यांत धरा. नळी जिथून निघते ती बाजू वर आणि कानात जाणारे टोक पुढे डोक्याकडे असावे.

३. दुसरा हात डोक्यावरून किंवा मागून नेऊन कानाचा वरचा भाग हलकेच वर आणि मागे ओढा. कानाची वाट थोडी सरळ होते.

४. मोल्ड किंचित पुढे कलवून टोक आत सरकवा, मग मागे फिरवत बसवा. मोल्डचा वरचा निमुळता भाग कानाच्या वरच्या वळीखाली गेला आहे ना, हे बोटाने चाचपून पाहा. शिटी वाजण्याच्या कितीतरी तक्रारींत एवढाच भाग बाहेर राहिलेला असतो.

५. आता डबी कानामागे ठेवा. नळीला पीळ पडलेला नसावा.

६. यंत्र चालू करा. आवाज वाढवायचा असेल तर आता वाढवा.

काढताना उलट क्रम. आधी डबी कानामागून पुढे घ्या, मग मोल्डला धरून पुढे फिरवा आणि बाहेर काढा. नळीला किंवा डबीला धरून कधीही ओढू नका. त्याने नळी मोल्डमधून निसटते आणि चिरतेही. डोम असेल तर डबीऐवजी कानाजवळच्या नळीच्या मुळाशी धरून काढा. काढल्यावर डोम नळीवरच आहे ना ते पाहा. तो कानात राहिला असेल, तर चिमट्याने किंवा पिनेने कोरू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.

चष्मा वापरत असाल तर आधी चष्मा घाला, मग यंत्र. चष्मा काढताना दोन्ही हातांनी सरळ पुढे ओढा. एका हाताने बाजूला खेचला की काडीसोबत यंत्रही उडते, आणि यंत्रे हरवतात ती बहुतेक अशीच. मास्कच्या कानामागच्या दोऱ्यांचेही तसेच; डोक्यामागे बांधायचा मास्क त्यापेक्षा बरा.

पहिले आठवडे

यंत्र लावल्याबरोबर पूर्वीसारखे ऐकू येईल, ही अपेक्षा आधी बाजूला ठेवावी लागते. कानाच्या आतल्या पेशींना झालेली इजा यंत्र भरून काढत नाही. उरलेल्या श्रवणशक्तीला ऐकता येईल असा आवाज ते पोहोचवते, आणि त्याचा अर्थ लावायला मेंदूला वेळ लागतो. पंख्याची घरघर, कागदाची सळसळ, स्वतःच्या पावलांचा आवाज हे सगळे एकदम अंगावर येते. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज आहेत हे. काही आठवड्यांत मेंदू त्यांना मागे सारतो, पण यंत्र रोज कानावर असेल तरच.

सुरुवात घरातल्या शांत खोलीत, एका माणसाशी बोलण्यापासून करा. थकवा आला तर काढा, थोड्या वेळाने पुन्हा लावा. मात्र काही दिवसांतच जागेपणीचा सगळा वेळ यंत्र कानावर राहील, असे पाहा. फक्त बाहेर जाताना किंवा पाहुणे आले की लावणाऱ्यांना यंत्राची सवय कधीच होत नाही, कारण ते नेमके सर्वांत अवघड जागी, गोंगाटातच, लावले जाते.

स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमतो, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक जण करतो. कान मोल्डने बंद झाल्यामुळे जबड्याच्या हाडातून आलेला आपला आवाज आतच कोंडतो. थोडी सवय होते. फारच त्रास असेल तर मोल्डमधला व्हेंट, म्हणजे हवेसाठीचे बारीक भोक, मोठे करता येते. हे ऑडिओलॉजिस्टनेच, म्हणजे श्रवणतज्ज्ञानेच, करावे, कारण भोक वाढले की शिटीचा धोकाही वाढतो.

कान दुखणे मात्र सवयीने जाण्याची वाट पाहायची गोष्ट नाही. मोल्ड एखाद्या जागी टोचत असेल, कातडी लाल होत असेल, तर दोन-तीन दिवसांत परत दाखवा. तेवढी जागा घासून कमी करता येते.

परत दाखवायला जाताना ‘नीट ऐकू येत नाही’ एवढे सांगितले तर समोरच्याला काहीच धरता येत नाही. घरी एक वही ठेवा. कोणाचे बोलणे कळत नाही, पुरुषांचे की बायका-मुलांचे? किती अंतरावरून? भांड्यांचा आवाज टोचतो का? टीव्ही कळतो पण माणसे कळत नाहीत, असे आहे का? अशा नोंदींवरून यंत्राची जुळवणी नेमकी बदलता येते. बहुतेक डिजिटल यंत्रे रोज सरासरी किती तास वापरली गेली याचीही नोंद ठेवतात, त्यामुळे वापराबद्दल खरे तेच सांगा. आणि शक्य असेल तिथे ‘रिअल इअर’ मोजणी करायला सांगा. त्यात कानात एक बारीक नळी ठेवून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजतात. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा असल्याने नुसत्या संगणकाच्या अंदाजावर केलेली जुळवणी कमी-जास्त होऊ शकते. ही मोजणी आग्रहाने मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेल

या यंत्रांचे साधे सेल झिंक-एअर प्रकारचे असतात. कानामागच्या यंत्रांत बहुधा नारंगी स्टिकरचा १३ नंबर किंवा जास्त ताकदीच्या यंत्रांत निळ्या स्टिकरचा ६७५ नंबर लागतो. लहान डबी असेल तर तपकिरी स्टिकरचा ३१२. नंबर बदलून चालत नाही.

सेलच्या सपाट बाजूला बारीक छिद्रे असतात. स्टिकर काढला की त्यांतून हवा आत जाते आणि हवेतल्या ऑक्सिजनची जस्ताशी क्रिया सुरू होऊन वीज तयार होते. म्हणून स्टिकर काढल्यावर सेल लगेच कप्प्यात कोंबू नका, तीन ते पाच मिनिटे उघडा ठेवा. घाईने बसवलेला सेल कमी टिकतो आणि ‘नवाच सेल पण मशीन बंद’ असा गोंधळही होतो. स्टिकर एकदा काढला की सेल वापरला नाही तरी उतरत राहतो; परत चिकटवून फारसा उपयोग होत नाही. तेव्हा गरज असेल तेव्हाच काढा.

बसवताना अधिकची खूण असलेली सपाट बाजू कप्प्यातल्या अधिकच्या खुणेशी जुळवा. कप्पा अडत असेल तर सेल उलटा आहे. जोर लावाल तर कप्प्याची बिजागरी तुटेल.

सेल किती दिवस जातो हे यंत्राची ताकद, रोजचे तास आणि ब्लूटूथचा वापर यांवर ठरते. १३ नंबर साधारण एक ते दोन आठवडे, ६७५ त्याहून थोडा जास्त. या सेलची ताकद हळूहळू घटत नाही. शेवटपर्यंत जवळजवळ सारखी राहते आणि मग एकदम बसते. म्हणून दोन जादा सेल कायम जवळ हवेत, पण नाणी-किल्ल्यांसोबत सुटे नकोत. धातूला धातू लागून ते उतरतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांवर ओल धरते.

रात्री कप्पा पूर्ण उघडा ठेवा. यंत्र बंद राहते, सेल वाचतो आणि आतली ओलही बाहेर पडते.

चार्जिंगच्या यंत्रांत लिथियम-आयन बॅटरी असते. काढल्यावर यंत्र कोरड्या कापडाने पुसूनच चार्जरमध्ये ठेवा आणि दिवा लागला का ते पाहा. रात्री नीट न बसल्यामुळे सकाळी रिकामे मिळालेले यंत्र हा नेहमीचा अनुभव आहे. काही वर्षांनी एका चार्जवर दिवस निघेनासा झाला, तर बॅटरी बदलून घ्यावी लागते.

सेल लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्या हाताला लागता कामा नयेत. कोणी गिळला किंवा मुलाने नाकात-कानात घातला, तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता, पुढे काय होते याची वाट न पाहता, थेट रुग्णालयात जा. अडकलेला सेल आतल्या भागाला भाजल्यासारखी इजा करतो आणि ती फार वेगाने वाढते. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांनी गोळी समजून सेल गिळण्याचाही धोका असतो. औषधांच्या डबीशेजारी सेल कधीच ठेवू नका.

सफाई: रोजची आणि आठवड्याची

रोज रात्री यंत्र काढल्यावर मऊ, कोरड्या कापडाने डबी आणि मोल्ड पुसा. मायक्रोफोनची छिद्रे यंत्रासोबत मिळालेल्या ब्रशने झाडा. झाडताना छिद्रे जमिनीकडे ठेवा, म्हणजे कचरा आत न जाता खाली पडेल. मोल्डच्या भोकातला मळ वायरच्या कडीने हलकेच बाहेर ओढा. मळ रात्री ओला असेल तर तो सकाळी काढा, वाळल्यावर सहज निघतो. स्पिरिट, सॅनिटायझर, तेल किंवा घरातले कोणतेही रसायन यांपैकी काहीच वापरायचे नाही. त्यांनी मोल्ड खराब होतो, नळी कडक होते आणि डबीचे प्लास्टिक तडकते.

आठवड्यातून एकदा मोल्ड धुवा. कान ओलसर राहणाऱ्यांनी आणि घाम खूप येणाऱ्यांनी जास्त वेळा. आधी नळी हूकपासून सोडवा: एका हाताने हूक घट्ट धरा, दुसऱ्या हाताने नळी पिळत ओढा. नळी मोल्डमध्येच राहू द्या. दोन्ही कानांचे मोल्ड एकदम सोडवलेत तर उजवा-डावा वेगळा ठेवा. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मोल्ड चोळून धुवा आणि साध्या पाण्याने साबण काढा. आता नळीच्या मोकळ्या टोकाला रबरी ब्लोअर लावून पाणी बाहेर फुंका. तोंडाने फुंकू नका, श्वासात ओल असते. रात्रभर वाळू द्या. सकाळी नळीत एकही थेंब नाही याची खात्री करूनच हूकला जोडा, आणि जोडताना मोल्डचा वळसा डबीच्या वळणाशी जुळतो का ते पाहा. उलटा जोडलेला मोल्ड कानात बसत नाही.

बारीक नळीचे यंत्र असेल तर तिच्यासोबत प्लास्टिकची सळई येते. नळी डबीपासून सोडवून सळई डबीच्या बाजूने घाला आणि डोमच्या बाजूने बाहेर काढा. उलटी घातली तर कानातला मळ डबीकडे ढकलला जातो. आरआयसी यंत्रात स्पीकरच्या तोंडावर वॅक्स गार्ड नावाची बारीक जाळी असते. ती साफ करायची नाही, बदलायची. आवाज मंद वाटला की पहिला संशय तिच्यावर घ्या.

जाड नळी साधारण तीन ते सहा महिन्यांत पिवळी आणि ताठर होते. मग ती आखडते, मोल्डला कानातून किंचित बाहेर ओढते आणि शिटी सुरू होते. नळी दाबून पाहा. लवचिकपणा गेला असेल तर चीर पडण्याची वाट न पाहता बदलून घ्या. काही मिनिटांचे काम असते.

ओल, घाम आणि उष्णता

कानातली उबदार दमट हवा नळीत शिरते, बाहेरच्या गारव्याने तिचे थेंब होतात आणि एकच थेंब नळीभर बसला तरी आवाज अडतो. थंडीत किंवा वातानुकूलित खोलीत दिवसाच्या मध्येच आवाज गेला, तर सेल बदलण्याआधी नळी पाहा. सोडवून ब्लोअरने फुंकली की यंत्र परत बोलू लागते.

रात्री यंत्र सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते भरले असे समजा: काही निळ्याचे गुलाबी होतात, काही नारंगीचे हिरवे. पाकिटावर सांगितल्याप्रमाणे ते वाळवा किंवा बदला. झिंक-एअर सेल मात्र डबीत ठेवण्याआधी काढून घ्या, त्याच्या आतला ओलसर भाग सुकून तो लवकर मरतो.

अंघोळ, पोहणे, केस धुणे किंवा रंगवणे यांआधी यंत्र काढायचे. अत्तर, हेअर स्प्रे आणि तोंडाला लावायचे क्रीम आधी, यंत्र शेवटी. एमआरआयच्या खोलीत यंत्र घेऊन शिरायचेच नाही. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या वेळीही काढून ठेवा. आयपी६८ असे लिहिलेले यंत्र धूळ आणि अपघाताने पडलेले पाणी सहन करते, पण ते साध्या पाण्यात, ठरावीक वेळेपुरते तपासलेले असते. साबण, मीठ आणि घाम यांच्याशी रोजचा सामना ही वेगळी गोष्ट.

भिजलेच तर लगेच बंद करा, सेल काढून टाका, पुसा आणि कप्पा उघडा ठेवून निदान एक दिवस सिलिका जेलमध्ये ठेवा. हेअर ड्रायर, ओव्हन, कडक ऊन, उन्हातली बंद गाडी हे सगळे वर्ज्य. उष्णतेने आतले भाग सैल होतात आणि मोल्ड वाकतो.

शिटी वाजते तेव्हा

कानात सोडलेला आवाज कुठून तरी निसटून परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि पुन्हा मोठा होतो, म्हणजे शिटी वाजते. तेव्हा प्रश्न एकच असतो: आवाज निसटतो कुठून? मोल्ड नीट बसला आहे हे आधी पाहा. तरी वाजत असेल तर यंत्र कानातून काढा, आवाज पूर्ण वाढवा आणि मोल्डचे आवाजाचे भोक, तसेच व्हेंट असेल तर तेही, बोटाने घट्ट दाबा.

शिटी थांबली? मग यंत्र, नळी, मोल्ड ठीक आहेत आणि गळती कानाशी आहे. मोल्ड सैल झाला असेल. वजन घटले किंवा मोल्ड जुना झाला की असे होते. नाहीतर कानात मळाचा बोळा असेल, त्यावर आदळून आवाज परत येतो. मळ डॉक्टरांकडून काढून घ्या. कापसाची काडी तो आणखी आत ढकलते.

शिटी चालूच राहिली, तर मोल्ड सोडवा आणि हूकचे टोक बोटाने बंद करा. आता थांबली तर दोष नळीत किंवा मोल्डमध्ये, चीर शोधा. तरीही वाजत असेल तर हूकला तडा गेला आहे किंवा डबीच्या आत गळती आहे. यंत्र दुरुस्तीला द्या. आवाज कमी करून शिटी दाबणे हा तोडगा नव्हे. शिटी थांबते, पण ऐकूही येत नाही.

आवाजच येत नाही तेव्हा

खात्रीचा नवा सेल घाला. कप्प्यातल्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर असेल तर कोरड्या कापसाने पुसा. यंत्र चुकून टी-कॉइलवर गेले नाही ना, पाहा. त्या प्रोग्रॅममध्ये यंत्र फक्त लूप (चुंबकीय संकेत सोडणारी तार) बसवलेल्या सभागृहातले किंवा फोनचे चुंबकीय संकेत ऐकते आणि मायक्रोफोन बंद असू शकतो. मग मोल्ड सोडवून नुसता हूक ऐका. तिथून आवाज येत असेल तर मोल्ड किंवा नळी तुंबली आहे, धुवा. तिथूनही येत नसेल, तरच यंत्र तंत्रज्ञाकडे न्या. डबी घरी उघडायची नाही.

आवाज तुटत-तुटत येणे किंवा खरखर होणे बहुधा ओलीचे किंवा मळक्या पट्ट्यांचे लक्षण असते. एक रात्र सिलिका जेलमध्ये ठेवून पाहा.

फोन, गोंगाट आणि समोरची माणसे

फोन कानाच्या भोकावर धरला तर मायक्रोफोनला काहीच मिळत नाही, तो तर वर डबीत आहे. फोन थोडा वर आणि मागे, डबीजवळ धरा आणि मिळेल तो कोन शोधा. ब्लूटूथची सोय असेल तर उत्तमच, आवाज थेट दोन्ही कानांत येतो.

गोंगाटात यंत्रापेक्षा बसण्याची जागा जास्त काम करते. भिंतीकडे पाठ करून बसा, गोंगाट मागे आणि बोलणारा समोर राहील. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो, म्हणून खुर्ची थोडी जवळ ओढणे आवाज वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

घरच्यांसाठी: आधी नाव घेऊन हाक मारा, उजेडात आणि समोर येऊन बोला, ओरडू नका. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र पटकन टोचतो. ओरडण्याने शब्दही वेडेवाकडे होतात. एक वाक्य दोनदा कळले नाही, तर तेच तिसऱ्यांदा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. ‘जाऊ दे, काही नाही’ असे म्हणून विषय तोडू नका. यंत्र लावण्याची उमेद सर्वांत जास्त मोडते ती या तीन-चार शब्दांनी.

यंत्र लहान मुलाचे असेल तर

मुलांना बहुधा कानामागचेच यंत्र देतात, कारण कान वाढला की नुसता मोल्ड बदलता येतो, यंत्र तेच राहते. तान्ह्या बाळाचा मोल्ड एक-दोन महिन्यांतही सैल होऊ शकतो. शिटी वाजू लागली की आवाज कमी न करता नव्या मोल्डचे माप द्या. तेवढे दिवस मूल कमी ऐकते आणि भाषा शिकण्याचे दिवस परत येत नाहीत. कुलूपवाला सेलचा कप्पा मागून घ्या. यंत्राला दोरी लावून ती कपड्याला पाठीकडे अडकवा, म्हणजे ओढून काढले तरी ते तोंडात जाणार नाही.

डॉक्टरांकडे केव्हा

कानातून पाणी किंवा पू येत असेल, कान दुखत असेल, आत खाज आणि सूज असेल, तर त्या कानातले यंत्र काढा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. वाहत्या कानात मोल्ड घातला की संसर्ग वाढतो. बरे झाल्यावर मोल्ड धुऊन, पूर्ण वाळवूनच परत घाला. एरवी वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून यंत्राची जुळवणी नव्या आलेखाप्रमाणे करून घ्या.

एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणे खूप कमी झाले, तर यंत्र बिघडले असे समजून बसू नका. घरातल्या कोणाला तरी स्टेथोसेटने यंत्र ऐकायला सांगा. यंत्र ठीक बोलत असेल तर दोष कानात आहे. अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार असतात, पण ते जितक्या लवकर सुरू होतील तितका फायदा जास्त. काही आठवड्यांनंतर तो फारसा होत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांकडे जा, आणि सोबत यंत्रही न्या.